विणलेला स्वेटर अंगावर बसत नाही, तेव्हा दोष कोठे शोधावा

हाताने विणलेला स्वेटर अंगावर नीट बसत नाही, ही तक्रार नवशिक्यांइतकीच वर्षानुवर्षे विणणारी माणसेही करतात, आणि कारण विचारले तर बहुतेक जण आपल्या हाताला दोष देतात. कोणी म्हणते माझा हात घट्ट आहे, कोणी म्हणते सैल आहे. मला हे निदान पटत नाही. हात घट्ट असो की सैल, तो एकसारखा चालत असेल तर त्या हाताने कोणत्याही मापाचा स्वेटर बेतता येतो. चूक होते ती टाके घालण्याच्या आधी, जेव्हा आपण कृतीतले आकडे जसेच्या तसे उचलतो आणि ते आकडे ज्या कापडासाठी काढलेले आहेत तसे कापड आपल्या सुयांवर तयार होते की नाही, हे पाहत नाही. तीच चूक दर वेळी होत असल्यामुळे लोकर बदलली, सुया बदलल्या, कृती बदलली, तरी स्वेटर बसत नाही.

न बसलेला स्वेटर कपाटात ठेवून देण्याआधी त्याची तपासणी करावी, कारण पुढच्या स्वेटरसाठी लागणारी बहुतेक माहिती त्याच्यातच असते. तो धुऊन, सपाट पसरून, पूर्ण वाळवावा. काखेखाली आडवी रुंदी मोजून तिची दुप्पट करावी, म्हणजे छातीचा तयार घेर मिळतो. त्यानंतर कडांपासून दूर, तळाशी, पोटावर आणि छातीवर अशा तीन ठिकाणी १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजून लिहून ठेवावे. हे आकडे कृतीत दिलेल्या आकड्यांशी जुळत नसतील, तर दोष विणीचा, म्हणजे ठरावीक जागेत बसणाऱ्या टाक्या-ओळींच्या संख्येचा आहे. ते जुळत असतील आणि तयार घेरही कृतीत म्हटल्याप्रमाणे असेल, तर विणकाम बरोबर झाले असून निवडलेले माप चुकले आहे. तळाचे आणि छातीचे आकडेच एकमेकांशी जुळत नसतील, तर काम चालू असताना हात बदलला आहे. सुरुवातीला जपून, घट्ट विणणारा हात हळूहळू सैलावतो, हे फार सर्रास घडते, आणि म्हणून पहिले १० ते १५ सेंटिमीटर विणून झाल्यावर वीण पुन्हा एकदा मोजून पाहणे मी कधीही टाळत नाही.

विणीचा हिशेब

दोन टाक्यांच्या फरकाने काय बिघडते, हे आकड्यांतूनच नीट कळते. समजा, कृतीत १० सेंटिमीटरला २२ टाके धरले आहेत आणि तयार घेर १०० सेंटिमीटर हवा आहे. म्हणजे अंगाला एकूण २२० टाके लागतील. आपल्या हाताने त्याच जागेत २० टाके बसत असतील, तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटरचा घेर देतील. २४ बसत असतील, तर घेर जेमतेम ९२ सेंटिमीटर होईल. नमुन्यादाखल विणलेला छोटा तुकडा पाहताना हा फरक डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही, पण अंगावर तो एका मापापेक्षा जास्त असतो.

म्हणून नमुन्याचा तुकडा विणावाच लागतो, आणि तो पुरेसा मोठा असावा लागतो. दहा-बारा सेंटिमीटरच्या तुकड्यात कडेचे टाके ताणलेले किंवा आक्रसलेले असल्यामुळे मोजणी खोटी येते; निदान १५ सेंटिमीटर लांब-रुंद तुकडा विणून त्याच्या मधल्या १० सेंटिमीटरमध्ये मोजावे. अर्धा टाका असेल तर तोही मोजावा, कारण पूर्ण घेरात त्याचे दोन-तीन सेंटिमीटर होतात. स्वेटर ज्या पद्धतीने विणायचा आहे त्याच पद्धतीने तुकडाही विणावा. बऱ्याच जणांची उलट टाक्यांची ओळ सुलट ओळीपेक्षा सैल पडते, त्यामुळे सपाट विणलेल्या तुकड्याची वीण आणि गोल सुईवर केवळ सुलट टाक्यांनी गोलात विणलेल्या अंगाची वीण वेगळी निघते. सुईचा पदार्थही बदलू नये. एकाच मापाच्या धातूच्या आणि बांबूच्या सुईवर एकाच हाताची वीण वेगळी पडू शकते, कारण गुळगुळीत धातूवर टाके सहज सरकतात आणि बांबूवर धरून राहतात.

वीण जुळली नाही तर हात आवळून किंवा सैल सोडून ती जुळवण्याचा प्रयत्न करू नये. तो ताण दोन तास टिकतो, दोन महिने टिकत नाही. टाके जास्त बसत असतील तर पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्यावी, कमी बसत असतील तर बारीक घ्यावी, आणि तुकडा पुन्हा विणावा. केबलची, म्हणजे टाके एकमेकांवरून नेऊन केलेली वेणीसारखी नक्षी कापडाला आडवे आक्रसते, आणि दोन रंगांच्या विणीत मागून जाणारे धागे ओढले गेले तर तेही कापड अरुंद करतात. त्यामुळे अशा नक्षीचा तुकडा निराळा विणावा आणि साध्या विणीचे आकडे तिला लावू नयेत.

धुतल्यानंतरचे माप खरे

तुकडा विणून लगेच मोजणे ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी घाई आहे. सुईवरून नुकत्याच उतरलेल्या कापडात विणताना पडलेला ताण शिल्लक असतो. पाण्यात भिजल्यावर धागा मोकळा होतो आणि टाका आपला खरा आकार घेतो. स्वेटर पुढे जसा धुतला जाणार आहे तसाच तुकडा धुवावा, तसाच वाळवावा आणि मगच मोजावा. मात्र धुण्याआधीचे आकडेही लिहून ठेवावेत, कारण त्या दोहोंतला फरक पुढे उपयोगी पडतो.

मी वडिलांसाठी विणलेला एक स्वेटर या एका गोष्टीने बिघडला होता. सुपरवॉश लोकर होती, सुईवर १० सेंटिमीटरला ३१ ओळी बसत होत्या, आणि मी टेप लावून बरोबर ६६ सेंटिमीटर उंची होईपर्यंत विणत गेले. पहिल्या धुण्यानंतर त्याच १० सेंटिमीटरमध्ये २८ ओळी उरल्या, आणि स्वेटर ७३ सेंटिमीटरचा होऊन मांड्यांवर आला. विणकामात एकही टाका चुकलेला नव्हता. सुपरवॉश लोकरीवर जी प्रक्रिया केलेली असते तिच्यामुळे तंतूंवरचे खवले निघून जातात किंवा झाकले जातात. त्यामुळे ती यंत्रात धुतली तरी आटत नाही, परंतु तंतू एकमेकांना धरून ठेवत नाहीत म्हणून ओली असताना ती सहज वाढते. हे मला ठाऊक होते, तरी मी धुतलेला तुकडा मोजला नव्हता.

त्यानंतर मी उंची टेपने मोजून विणणे सोडून दिले आणि ओळी मोजून विणू लागले. काखेपर्यंत ३८ सेंटिमीटर हवे असतील आणि धुतलेल्या तुकड्यात १० सेंटिमीटरला २८ ओळी असतील, तर १०६ ओळी विणायच्या, मग त्या वेळी टेप ३४ किंवा ३५ सेंटिमीटर दाखवत असला तरी बेचैन व्हायचे नाही. गडद रंगाच्या लोकरीत ओळी मोजणे डोळ्यांना त्रासाचे होते. दर २० ओळींनी वेगळ्या रंगाचा छोटा धागा टाक्यात अडकवून ठेवला की मोजणी चुकत नाही.

टाक्यांच्या हिशेबाकडे लक्ष देणारी मंडळीसुद्धा ओळींच्या हिशेबाकडे दुर्लक्ष करतात. साध्या, सरळ अंगात ते खपून जाते, कारण दोन ओळी कमी-जास्त करता येतात. रॅगलन (ज्यात बाही गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेषेत जोडलेली असते) किंवा गोल योकच्या (ज्यात गळ्या-खांद्यांभोवतीचा वरचा भाग सलग गोल विणतात) स्वेटरमध्ये मात्र ते अजिबात खपत नाही. तेथे गळ्यापासून काखेपर्यंतच्या ओळी टाके वाढवण्याच्या किंवा कमी करण्याच्या क्रमाशी बांधलेल्या असतात. १० सेंटिमीटरला ३० ओळींच्या विणीत ६६ ओळींचा योक २२ सेंटिमीटर खोल होतो; तोच २७ ओळींच्या विणीत जवळजवळ साडेचोवीस सेंटिमीटर होतो, आणि काख अडीच सेंटिमीटर खाली जाते.

खांद्यापासून पाहावे

स्वेटर खांद्यावरून लोंबतो. त्यामुळे आरशासमोर उभे राहून दोष शोधताना आधी खांदा, मग गळा, मग मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग), आणि त्यानंतरच छाती, बाही व उंची पाहावी. खालच्या भागातल्या अनेक तक्रारी वरून आलेल्या असतात: खांदा दंडावर उतरला की बाही लांब वाटते, गळा मागे ओढला गेला की पुढची कड वर उचललेली दिसते.

मुंढ्याला जोडलेल्या बाहीच्या स्वेटरमध्ये खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती खाली उतरत असेल, तर बहुतेक वेळा माप छातीच्या पूर्ण घेरावरून निवडलेले असते. ज्यांची छाती भरलेली पण खांदे अरुंद आहेत त्यांना ही अडचण प्रत्येक स्वेटरमध्ये येते, कारण कृतीत छाती वाढली की खांदाही वाढवलेला असतो. अशा वेळी टेप काखेतून वर, छातीच्या उभाराच्या वरून फिरवून घेतलेले माप पाहावे. पूर्ण छाती १०४ सेंटिमीटर आणि हे वरचे माप ९६ सेंटिमीटर असेल, तर स्वेटर ९६ च्या छातीसाठी निवडावा आणि उरलेले ८ सेंटिमीटर केवळ पुढच्या भागात टाके वाढवून द्यावेत. पाठ वाढवू नये. तिला त्या जागेची गरज नसते, आणि तेथे दिलेली रुंदी पाठीवर लोंबत राहते. पुढची उंचीही कमी पडत असेल, तर ओळ शेवटपर्यंत न विणता मध्येच काम वळवून मागे फिरावे, म्हणजे छातीपुरत्या ओळी वाढतात आणि कडा तेवढ्याच राहतात.

माप निवडताना अंगाचे माप आणि स्वेटरचे माप यांत किती सैलपणा ठेवायचा, ज्याला शिवणकाम करणारे लूजिंग म्हणतात, तेही ठरवावे लागते. शर्टावरून घालायच्या स्वेटरला ५ ते १० सेंटिमीटर पुरतात. पण आकड्यावर वाद घालण्यापेक्षा, ज्याच्यासाठी विणायचे त्या व्यक्तीचा आवडता, नीट बसणारा आणि तेवढ्याच जाडीचा एखादा स्वेटर सपाट पसरून मोजणे मला अधिक भरवशाचे वाटते. अंगाच्या मापात माणूस श्वास रोखतो, टेप सरकते. आवडत्या स्वेटरमध्ये त्या माणसाची पसंती आधीच मोजलेली असते.

खांदे सरळ रेषेत बंद केले असतील तर गळ्याशी आणि काखेशी तिरक्या चुण्या पडतात, कारण माणसाचे खांदे उतरते असतात. टाके एकदम बंद करण्याऐवजी बाहीच्या बाजूने तीन-चार टप्प्यांत बंद केले की उतार मिळतो. खांद्याची कड वापरून वापरून वाढली असेल, तर आतल्या बाजूने एका खांद्याच्या टोकापासून मानेमागून दुसऱ्या टोकापर्यंत क्रोशाची घट्ट साखळी घालावी. ही दुरुस्ती तासाभराची आहे आणि दोन-तीन सेंटिमीटर उतरलेला खांदा तिने खरोखर जागेवर येतो. त्याहून जास्त उतरत असेल तर उसवण्याला पर्याय नाही.

गळा आणि मुंढा

पुढचा गळा घशाला लागत असेल आणि स्वेटर सारखा मागे-पुढे ओढावा लागत असेल, तर गळ्याची पुढची व मागची खोली सारखी राहिली आहे असे समजावे. वरून खाली, गोलात विणलेल्या योकमध्ये हे हमखास होते. मान पुढे झुकलेली असते, त्यामुळे मागची कड पुढच्यापेक्षा काही सेंटिमीटर वर हवी. मानेमागे अर्धवट ओळींची तीन-चार वळणे घातली की, प्रत्येक वळणाच्या दोन ओळी धरून, दोन ते तीन सेंटिमीटर उंची मिळते. विणून झालेल्या स्वेटरमध्येही गळपट्टी उसवून, टाके उचलून या ओळी घालता येतात.

गळा पसरट, लोंबता झाला असेल तर टाके जास्त उचलले गेले आहेत. आडव्या कडेवर प्रत्येक टाक्याला एक टाका, आणि उभ्या कडेवर साधारण दर चार ओळींमागे तीन टाके, हे प्रमाण साध्या विणीत बरोबर बसते. २२ टाके आणि ३० ओळींचे गुणोत्तरही जवळजवळ तेवढेच आहे. उलट डोके आत जात नसेल, तर गळपट्टीला दोष देण्याआधी बंद केलेली शेवटची ओळ पाहावी. ती एका जाड सुईने सैलसर बंद केली की पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते.

मुंढ्याविषयी एक गैरसमज फार घट्ट रुजलेला आहे. हात वर करताना स्वेटर ओढला जातो, तेव्हा मुंढा लहान झाला असे वाटून पुढच्या वेळी तो आणखी खोल केला जातो, आणि स्वेटर पूर्वीपेक्षा जास्त ओढला जातो. काख जेवढी खाली, तेवढे हात उचलताना अंगाचे कापड बरोबर उचलले जाते. हाताला मोकळीक देणारा मुंढा वर, काखेच्या जवळ असतो आणि त्याची बाही दंडावर रुंद असते. म्हणून ओढल्या जाणाऱ्या स्वेटरमध्ये खोली वाढवण्याआधी दंडाचा घेर आणि रॅगलनमधले काखेखालचे टाके मोजावेत.

या टाक्यांसाठी विणकामावर लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखिका एलिझाबेथ झिमरमन यांनी रूढ केलेली टक्केवारीची पद्धत मला पडताळणीसाठी फार उपयोगी वाटते. अंगाचे एकूण टाके १०० टक्के धरले, तर मनगटाशी २०, दंडाशी ३३, काखेखाली प्रत्येकी ८ आणि गळ्याशी ४० टक्के टाके असावेत. २२० टाक्यांच्या अंगाला मनगटाशी ४४, दंडाशी ७२-७३, काखेखाली सुमारे १८ आणि गळ्याला ८८ टाके येतात. छाती भरलेली आणि दंड बारीक, किंवा छाती लहान आणि दंड जाड असेल, तेथे ही टक्केवारी लागू पडणार नाही. तेथे दंड मोजूनच टाके ठरवावेत.

बाही आणि तळाची बॉर्डर

बाही कोपराजवळ फुगत असेल किंवा मनगटाकडे एकदम आवळत असेल, तर टाके कमी करण्याचे अंतर चुकले आहे. वरचेच उदाहरण पुढे नेऊ. दंडाशी ७२ आणि मनगटाशी ४४ टाके, म्हणजे २८ टाके कमी करायचे, दर वेळी दोन, अर्थात १४ वेळा. काखेपासून बाहीची लांबी ४२ सेंटिमीटर आणि त्यातली बॉर्डर ६ सेंटिमीटर असेल, तर १० सेंटिमीटरला ३० ओळींच्या विणीत मधल्या भागाला १०८ ओळी मिळतात. १० वेळा दर आठव्या ओळीला आणि ४ वेळा दर सातव्या ओळीला टाके कमी केले की हा हिशेब तंतोतंत पुरा होतो आणि बाही एकसारखी निमुळती होते.

तळाची बॉर्डर बाहेर वळत असेल तर बहुधा घातलेले टाके फार घट्ट आहेत किंवा बॉर्डर उंचीला फार कमी आहे. ती झालरीसारखी पसरत असेल तर ती अंगाच्याच सुयांवर विणलेली असते. एक-दोन मापांनी बारीक सुई घ्यावी, आणि तरीही पसरली तर टाके दहा टक्क्यांनी कमी ठेवावेत.

धाग्याचा स्वभाव

लोकरीच्या तंतूत नैसर्गिक कुरळेपणा असल्यामुळे ती ताणून सोडली की परत येते. सुती धागा, बांबूचा धागा आणि अल्पाका (त्याच नावाच्या प्राण्याची लोकर) यांत ही लवचीकता फार कमी असते, त्यामुळे लोकरीसाठी लिहिलेली कृती सुती धाग्यात विणली की स्वेटर आपल्याच वजनाने खाली वाढत जातो. अशा धाग्याचा धुतलेला तुकडा खालच्या कडेला कपडे वाळवण्याचे चार-सहा चिमटे लावून एक दिवस टांगून ठेवावा आणि मग ओळी मोजाव्यात. खांद्यांना आणि बाजूंना शिवण असलेली रचना अशा धाग्याला सांभाळते. बिनशिवणीचा जड सुती स्वेटर विणण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही.

ॲक्रिलिकचे कापड पाण्याने फारसे बदलत नाही. त्यावर जवळून वाफ किंवा इस्त्री दिली तर ते कायमचे लुळे पडते आणि पूर्ववत होत नाही. मोठा झालेला लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घोळून आटवण्याचा उपायही करू नये. उष्णता आणि घर्षण यांनी लोकर आटते हे खरे, पण कोठे किती आटेल यावर ताबा राहत नाही, आणि नमद्यासारखे घट्ट झालेले कापड मग उसवताही येत नाही.

उसवल्याशिवाय किंवा थोडे उसवून

उंचीचा दोष सर्वांत सोपा आहे. वरून खाली विणलेल्या स्वेटरची बॉर्डर उसवून हव्या तेवढ्या ओळी वाढवता वा कमी करता येतात. खालून वर विणलेला असेल तर ज्या ओळीपर्यंतचे कापड ठेवायचे आहे तिचे सगळे टाके एका बारीक गोल सुईवर उचलून घ्यावेत, तिच्या खालच्या ओळीतला एकच धागा कापावा आणि तो टाक्याटाक्याने सोडवत ओळभर काढावा. खालचा भाग सुटा होतो, वरचे टाके सुईवर सुरक्षित राहतात, आणि तेथून खाली विणता येते. साध्या सुलट विणीत हा जोड दिसत नाही. केबल किंवा बॉर्डरच्या मधोमध मात्र नक्षी अर्ध्या टाक्याने सरकते आणि जोड दिसतो.

घेर कमी पडत असेल तर बाजूच्या शिवणी उसवून तळापासून काखेपर्यंत, आणि दंडही घट्ट असेल तर पुढे बाहीच्या खालूनही, पट्टी विणून जोडता येते. दोन्ही बाजूंना ४ सेंटिमीटरची पट्टी दिली की ८ सेंटिमीटर घेर वाढतो. घेर जास्त असेल आणि खांदा ठीक असेल, तर चार-पाच सेंटिमीटरपर्यंतचा फरक बाजूच्या शिवणीत आत घेता येतो. पण जाड लोकरीत ती शिवण काखेत टोचते, म्हणून मी तेथे उसवणेच पसंत करते.

पूर्ण उसवायचे ठरले तर निघालेला धागा तसाच गुंडाळून लगेच विणायला घेऊ नये. वळ्या पडलेल्या धाग्याचे टाके वेडेवाकडे येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे वीण खोटी मोजली जाते. धागा खुर्चीच्या पाठीवर फिरवून त्याची लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबून, टांगून वाळवावी. वाळल्यावर पुन्हा १५ सेंटिमीटरचा तुकडा विणावा, धुवावा आणि मोजावा. एकदा वापरलेल्या धाग्याची वीण पहिल्या वेळेपेक्षा वेगळी येऊ शकते, म्हणून जुने आकडे तेथे वापरू नयेत.